सडा घातलेली गल्ली

परवा माझ्या पुतणीनं मोबाइलवर फोटो दाखवले. मैत्रिणींबरोबर ती किल्ला बघायला गेली होती, आणि किल्ल्याच्या मागच्या अंगाला जी जुनी गल्ली आहे तिथंच त्या पोरींचा अर्धा दिवस गेला. चुना लावलेल्या भिंती, कडुनिंबाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या, उंबऱ्यापुढची रांगोळी. "काका, भर शहरात अख्खं खेडं आहे हो! आणि माणसं किती गोड! जेवल्याशिवाय सोडेचनात." मी 'हूं' म्हणालो आणि चष्मा काढून पुसत बसलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसेना. मला सगळं दिसत होतं. ती गल्ली मलाही आवडली होती, चाळीसएक वर्षांपूर्वी, तिच्यापेक्षा जास्तच. पण मी नुसतं आवडून थांबलो नाही. मी ते सरकारी कागदावर लिहिलं, आणि त्या कागदापायी एका बाईचं लेकरू गेलं.

शहराचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, शहराची नव्हती. लातूर जिल्ह्यातलं आहे, किल्ल्याचं आहे, आणि तिथले लोक एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड बोलतात, एवढं पुरे.

जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती, तरी सगळे त्याला 'नवा जिल्हा'च म्हणायचे. निम्म्या फायली इकडं, निम्म्या उस्मानाबादेत. कुठलाही कागद मागा, तो हमखास उस्मानाबादेत राहिलेला असायचा. माणसांचा तर दुष्काळच. म्हणून देगलूरचा, बावीस वर्षांचा, धड मिसरूड न फुटलेला मी तिथल्या तहसील कचेरीत लागून सहा महिने व्हायच्या आत टंचाईच्या टेबलावर बसलो. दोन पावसाळे कोरडे गेले होते. रोज दरखास्तींचा ढीग पडायचा आणि टँकर होते बोटावर मोजण्याइतके. त्यामुळं नियम कडक होता. जिथं पाणी दिसेल तिथं टँकर नाही. जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं, दिसेल ते लिहायचं. आमचे अव्वल कारकून म्हणायचे, "आपण डोळे आहोत. डोक्याचं काम वरच्यांचं."

त्या गल्लीची दरखास्त आली ती वहीच्या पानावर, खाली पंधरा-वीस अंगठे. विहीर आटली, बायामाणसांना गावाबाहेरच्या खदानीतून पाणी आणावं लागतं, टँकर मिळावा. मुआयन्याला मला जायचं होतं. आमच्याकडं जुनी माणसं पाहणीला मुआयनाच म्हणायची. आता पाहणीला सांगून जायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. पण कचेरीतला म्हातारा चपराशी त्या गल्लीला लागूनच राहायचा, आणि मी त्याला म्हणालो, "मामा, जाता जाता सांगून ठेवा, परवा साहेब मुआयन्याला येणार आहेत." साहेब म्हणजे मी! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला साहेब म्हणणार होतं, आणि त्याची जरा तयारी व्हावी असं मला वाटलं. बस, एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. ऐन टंचाईत मला मानाची हौस आली होती.

ठरल्या दिवशी सकाळी गेलो. बाहेरच्या रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा, नाकातोंडात धूळ. गल्लीच्या कमानीतून आत पाय टाकला आणि ओल्या मातीचा वास आला. त्या उन्हाळ्यात तो वास मी विसरलोच होतो. कमानीपासून थेट कडुनिंबापर्यंत सडा घातलेला. दारोदार रांगोळी. एका बाजूनं शेळी ओरडत होती, एका घरातून पाळण्याची करकर येत होती, कोपऱ्यावर बांगड्यांचं दुकान असलेल्या चाचांनी बसल्या जागेवरून "आइए साब" म्हणून सलाम घातला. दारादारांत पितळेच्या घागरी, चिंचेनं घासून लख्ख केलेल्या आणि काठोकाठ भरलेल्या. मला तर आपल्या देगलूरच्या गल्लीत सणाला आल्यासारखं झालं. घर सोडल्यापासून खानावळीत जेवत होतो, खोलीवर एकटा राहत होतो. मनातून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"बर्री, बर्री साहेब, या," म्हणत एक म्हातारी पुढं आली. कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंग, पदर खोचलेला. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची आणि गल्लीत तिचा शब्द चालायचा. अव्वा आता नाही. असती तर मी हे लिहिलं नसतं.

अव्वाच्या दारात तिची सून तांब्या घेऊन उभी होती. तिचं पोट चांगलंच पुढं आलं होतं. ती वाकून माझ्या पायांवर पाणी घालायला लागली तसा मी मागं सरलो. "राहू द्या, राहू द्या, मी घेतो." तरी ती घालतच राहिली. एक तांब्या संपला, दुसरा घेतला. धुळीचे पाय स्वच्छ झाले तरी धार थांबेना. मग गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला. मग पाटावर बसवलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी. पेला अर्धा झाला रे झाला की सून तो भरून टाकायची. मीही पीत गेलो.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या भागात पाहुण्याच्या नजरेला रिकामी घागर पडू देत नाहीत. रिकामी घागर दिसणं म्हणजे पाहुण्याला 'निघा आता' म्हटल्यासारखं. माझी आई दारात कुणी दिसलं की आधी रिकामी भांडी आत लपवायची, मगच 'या' म्हणायची. कितीदा तरी मीच ती उचलून आत नेली होती. तेव्हा त्या भरल्या घागरींचा अर्थ मला माहीत नव्हता असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मला माहीत होतं. पण मी तिथं पाहुणा म्हणून जेवत होतो, आणि पाहुणा घागरीत डोकावून हे पाणी कुठलं म्हणून विचारत नाही. विचारायला गेलेला कारकून त्या पाटावर बसल्या बसल्या कुठं गेला कोण जाणे.

त्यांचंही तसंच झालं. माझ्या ताटात अन्न असताना रडगाणं गाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. एक म्हातारबाबा तेवढं म्हणाले, "पाण्याचे जरा हाल हायत साहेब." आणि असं म्हणता म्हणता त्यांनीच माझा पेला पुढं सरकवला, भरायला. सगळं दरखास्तीत लिहून झालं आहे, आता साहेबाला खुश ठेवणं आपलं काम, असा त्यांचा हिशेब.

बोलली ती फक्त अव्वा, आणि तीही जेवण झाल्यावर, सून भांडी उचलून आत गेल्यावर. "साहेब, हिला सातवा लागलाय. पैले दोन येळा अर्ध्यातच गेलं. डागदरीण म्हनली, हिनं वजन उचललं तर हेबी ऱ्हाणार न्हाई. माझा ल्योक लातूरला डाळ मिलमधी, हप्त्याला एकदा येतो. मला काय आता घागर उचलत न्हाई. तुमचा टँकर दारात आला की ही घरात बसंल. बाकी आमचं काय बी होऊ द्या."

"होऊन जाईल अव्वा," मी म्हणालो. पोट तडस लागेपर्यंत भरलेलं होतं. "काळजी करू नका."

निघताना विहीर बघितली. वाकून पाहिलं तर तळाशी पाणी चमकत होतं. फार नव्हतं, पण होतं. सगळी गल्ली मला कमानीपर्यंत पोचवायला आली.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. मला भाषेची आवड होती, कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालेलं. असली हौस एखाद्याला किती महागात पडावी! विहिरीच्या तळाशी पाणी आढळले. घरोघरी भांडी भरलेली आढळली. अंगणात सडासंमार्जन केलेले आढळले. वस्ती स्वच्छ, नीटनेटकी व समाधानी असून शहरात राहूनही तिने खेड्याचा जिव्हाळा जपला आहे. तो 'जिव्हाळा' शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. सुनेबद्दल एक ओळ लिहावी असं मनात आलं, पण रकान्यात ती कुठं बसवावी कळेना. राहून गेली.

अव्वल कारकुनांनी अहवाल मोठ्यानं वाचला. "वा! मास्तर व्हायचा तू, चुकून इकडं आलास," म्हणाले, आणि दरखास्तीवर लाल शाईनं शेरा मारला. नामंजूर.

"अहो साहेब, पण... तिथं एक बाई आहे, दिवस गेलेली, तिला वजन..."

"पाणी आहे असं कोणी लिहिलं? मी?"

"मीच. पण ते पाहुणचाराचं..."

"हे बघ." त्यांनी पेन ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो, कंटाळलेला होता. "सडा घालायला पाणी असलेल्या गल्लीला टँकर देतो आणि चाकूरकडच्या त्या तांड्यावर जनावरं मरून राहिलीत त्यांना काय सांगू? आणि अहवाल फिरवायचा तर लिहून दे, मी खोटं लिहिलं होतं म्हणून. पर्मनंट व्हायचंय ना तुला?"

मी पुढची दरखास्त ओढली. शेपूट घातली म्हणा हवं तर. वडील थकलेले, दोन बहिणी लग्नाच्या, सगळं घर माझ्या नोकरीकडं डोळे लावून बसलेलं. ही कारणं खरीच आहेत. ती मी स्वतःला हजारदा ऐकवली आहेत आणि एकदाही मला पटलेली नाहीत.

आठवड्याभरानं चपराशीमामा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "साहेब, लई मान झाला म्हणं तुमचा त्या दिवशी."

"हो, झाला खरा."

"होनारच की. दोन दिस समद्या सुना खदानीच्या खेपा करून राहिल्या होत्या. साहेबाच्या पायावर पानी पाह्यजे, सडा पाह्यजे. आन् इहिरीत तर आदल्या दिवशी सकाळपासून कुनी पोहरा सोडला न्हाई. झिरपून झिरपून तेवढं साचू दिलं. साहेबाला पेला इहिरीच्या गोड पान्याचा द्यायचा म्हनून."

"अव्वाची सूनही गेली होती खदानीवर?"

"हाव. तिच्या घरी पाहुना तुमी. तिला न जाऊन कसं चालंल?"

माझे पाय मला टेबलाखाली दिसत होते. उठून कुठं तरी जावंसं वाटलं. पण जायचं कुठं?

त्याच दिवशी मी धावत जाऊन अहवाल फिरवला असं मला इथं लिहिता आलं असतं. नाही फिरवला. आज करू, उद्या करू. सोमवारी अव्वल कारकून रजेवर, मंगळवारी साहेबांची बैठक. दुसरी दरखास्त येईलच की, मग बघू. ती आली नाही. का आली नाही याचा विचारही मी केला नाही. असे जवळजवळ पाच आठवडे गेले. मग एका दुपारी मला राहवेना. टेबलावरचं सगळं तसंच टाकून मी चालत सुटलो. या खेपेला कुणालाही सांगितलं नाही.

कमानीच्या आतही तसाच फुफाटा होता. रांगोळी नाही, काही नाही. दारांतल्या घागरी पालथ्या. शेळी दिसली नाही. विहिरीत एका माणसाला कमरेला दोर बांधून सोडलं होतं आणि तो तळाशी वाटीनं गाळ खरवडत होता, त्याचा खर्र खर्र आवाज वर येत होता. मला बघून बायका घाईघाईनं आत गेल्या. लाजल्या त्या. चाचांनी सलाम घातला, पण मान वर केली नाही.

अव्वा उंबऱ्यावर बसली होती. धडपडत उठली. "अगं बाई! कळवायचं तर होतं लेकरा! असं कुनी येतं व्हय? घरात घोटभर न्हाई, आता तुला काय देऊ मी?" आणि शेजारच्या दाराकडं वळून तिनं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचा हात धरला. "अव्वा, काही नको. तुम्ही बसा. सून कुठंय?"

तिनं हनुवटीनं आत दाखवलं. आत अंधारात सून गोधडीवर भिंतीकडं तोंड करून पडलेली होती. तिचं पोट सपाट होतं.

"पाच दिस झाले," अव्वा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "खदानीवरून येताना वाटंतच कळा सुरू झाल्या. बायका म्हनल्या, घागर ठिव, बस. न्हाई ठिवली. घरापतुर आनली, त्या कोपऱ्यात उतरवली, मग बसली. पोरगी होती. रडलीच न्हाई."

मग अव्वा माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "साहेब, एक इचारू? राग मानू नका. त्या दिवशी आमच्याकडून काय कमी राह्यलं का? जेवनात म्हना, मानात म्हना? मी आठवून आठवून बेजार झाले. गल्लीतले म्हनून राहिलेत, साहेबाच्या मनाला काही तरी लागलं, म्हनून टँकर आला न्हाई."

"नाही अव्वा. काहीच कमी नव्हतं. वरून हुकूम आला नाही, एवढंच."

"मंग बरं," अव्वा म्हणाली. खरंच तिच्या जिवावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं मला.

कचेरीत परत येऊन उभ्या उभ्या लिहिलं. विहीर कोरडी. घरांत पाणी नाही. पहिला अहवाल माझ्या चुकीमुळे दिशाभूल करणारा होता. टँकर तातडीने द्यावा. चार ओळी. मला पाच आठवडे ज्याची भीती वाटत होती ते अव्वल कारकुनांनी वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली. माझी नोकरी गेली नाही. कुणी साधी नोटीससुद्धा दिली नाही. हे इतकं सोपं होतं! त्या रात्रीच काय, आजही मला त्या चार ओळींचाच सगळ्यात जास्त राग येतो.

पुढच्या आठवड्यात टँकर मंजूर झाला. गल्लीनं मला निरोप धाडला, पहिला टँकर तुमच्या हातानं सुरू करायचा. जायला नको वाटत होतं, पण न जाण्याचं तोंडही नव्हतं. कमानीशी टँकर उभा होता, त्याच्या नाकाला झेंडूची माळ, कुंकू. घागरींची रांग कडुनिंबापर्यंत गेली होती. सगळ्यांची तोंडं हसरी. म्हातारबाबा ज्याला त्याला सांगत होते, "ह्या साहेबानं आनला. दोनदा येऊन गेले बिचारे."

रांगेच्या शेवटी सून उभी होती, कानांना फडकं बांधून, अजून बाळंतिणीसारखीच पांढरीफटक. तिनं घागर खाली ठेवली आणि रांग सोडून माझ्याकडं आली. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. खरं सांगतो, काढली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

"साहेब," ती म्हणाली, "मी सातवी पास हाय. गल्लीत लिहिता मलाच येतं. दरखास्त मीच लिहिली होती. कचेरीचं उत्तर टपालानं आलं, ते पण माझ्याच हातात आलं."

माझी नजर तिच्या रिकाम्या घागरीवर गेली.

"'घरोघरी भरलेली भांडी व अंगणात सडा आढळून आल्याने दरखास्त नामंजूर.'" तिला ते पाठ होतं. "कुनाला दाखवलं न्हाई मी. चुलीत घातलं. इचारलं कुनी तर म्हनायची, अजून उत्तर न्हाई आलं."

"बाई, मी तुमचा..."

"मला काय बोलू नका." तिचा आवाज चढला नाही. "अव्वांना तेवढं सांगू नका. घागरी भरून ठिवा, अंगन शिंपा, साहेबाचा मान करा, हे अव्वांनीच ठरवलं होतं. समद्या गल्लीला त्यांनीच कामाला लावलं. त्या सड्यापायी टँकर गेला हे कळलं, तर पोरीला आपनच मारलं म्हनून त्या अन्न सोडतील. तुमी गप ऱ्हा. मी बी गप हाय."

मी मान हलवली. मागून अव्वाचीच हाक आली. "साहेब! या की, नारळ तुमच्याच हातानं फोडायचा!" सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मी टँकरपाशी गेलो आणि चाकापुढच्या दगडावर नारळ फोडला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अव्वानं पुन्हा पुन्हा वाजवल्या, आणि मागं वळून सुनेकडं बघितलं. मग सुनेनंही वाजवल्या.